लेख नको, परिच्छेद द्या: विकिपीडिया लेखनाचा वर्गप्रकल्प कसा बेतावा

प्रश्न थोडक्यात असा: पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मराठी शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकांना ४५ जणांच्या वर्गाकडून मराठी विकिपीडियावर लेखन करून घ्यायचे आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण त्यासाठी राखून ठेवले आहेत. प्रत्येकाने एक नवा लेख लिहावा अशी कल्पना आहे. हाताशी एक सत्र आणि २० संगणकांचा कक्ष आहे. सुरुवात कुठून करावी आणि काय टाळावे?

मॅडम, 'एक नवा लेख' हे शब्द योजनेतून आधी काढून टाका. त्याऐवजी असे ठरवा: आधीपासून असलेल्या लेखात प्रत्येकाने एक परिच्छेद घालायचा, दीडशे ते दोनशे शब्दांचा, निदान तीन स्वतंत्र संदर्भांसह. ४५ परिच्छेद ऐकायला किरकोळ वाटतात, विभागाच्या अहवालात '४५ नवे लेख' जास्त शोभून दिसते, हे खरे. पण नवा लेख लिहिणाऱ्याला शीर्षक ठरवणे, विषयाची उल्लेखनीयता (त्यावर स्वतंत्र लेख असण्याइतका तो महत्त्वाचा आहे हे) दाखवणे, प्रस्तावना, विभागरचना, लेखाचे वर्गीकरण, माहितीचौकट, इतर भाषांतल्या लेखांशी जोडणी असे सगळे एकाच वेळी शिकावे लागते. मुलांचा वेळ या बाह्य सजावटीत जातो आणि मजकूर शेवटच्या रात्री कुठून तरी उचलून येतो. परिच्छेदात लपायला जागा नसते. सात-आठ वाक्ये, प्रत्येक वाक्याखाली आधार. तुम्हालाही ४५ परिच्छेद ओळ न ओळ तपासता येतात, ४५ लेख येत नाहीत.

हे अंदाजाने सांगितलेले नाही. २०११ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत 'इंडिया एज्युकेशन प्रोग्रॅम' हा प्रायोगिक उपक्रम घेतला. विद्यार्थी इंग्रजी विकिपीडियावर लिहीत होते. इकडचा-तिकडचा प्रताधिकारित मजकूर इतक्या प्रमाणात चिकटवला गेला की त्याच वर्षी उपक्रम गुंडाळावा लागला आणि तो मजकूर हुडकून काढण्याचे काम जगभरच्या स्वयंसेवकांच्या गळ्यात पडले. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. विद्यार्थी एकदम फार घेतले, त्यांना मदत करणारे कॅम्पस अँबॅसिडर बहुतांशी स्वतःच नवखे, आणि कित्येक शिक्षकांनी स्वतः कधी संपादन केलेले नव्हते. त्यात आपल्याकडची जुनी सवय. शाळेपासून 'प्रोजेक्ट' म्हणजे पुस्तकातले सुवाच्य अक्षरात उतरवणे, आणि जसेच्या तसे उतरवले की पूर्ण गुण. त्या मुलांना आपण चोरी करतो आहोत असे वाटलेच नसेल तर नवल नाही. तुमच्या वर्गातही हीच सवय बसलेली आहे असे धरून चाला.

सत्राआधीची तयारी

तुमचे स्वतःचे खाते सत्र सुरू होण्याच्या निदान दोन महिने आधीचे असावे आणि त्यावर पन्नासेक संपादने झालेली असावीत. तुमचे एखादे संपादन कुणीतरी उलटवलेले, म्हणजे रद्द केलेले, असेल तर उत्तमच. ते का उलटवले, चर्चा पानावर काय बोलायचे, हे कळल्याशिवाय मुलांना सांगता येत नाही.

पंधरा दिवस आधी मराठी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, चार ओळींची सूचना टाका: विद्यार्थिसंख्या, तारखा, कोणत्या प्रकारचे लेख हाताळणार, शिक्षकाचे सदस्यनाव. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, पण रोज अलीकडील बदलांवर नजर ठेवणारे अनुभवी सदस्य आजही बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. एका दुपारी दोन तासांत ४५ नवी खाती एकसारखे बदल करू लागली की त्यांना तो खोडसाळपणा वाटतो, आणि त्यांचे चुकत नाही. सूचना आधी गेली असेल तर हेच लोक उलट मुलांच्या चर्चा पानांवर येऊन मदत करतात.

'प्रोग्रॅम्स अँड इव्हेंट्स डॅशबोर्ड' या साधनावर तुमच्या वर्गाचे पान करा. मुले दुव्यावरून त्यात सामील होतात आणि कुणी कधी कुठे काय बदल केला हे एका ठिकाणी दिसते. हा फलक सार्वजनिक असतो, त्यामुळे त्यावर खरी नावे, हजेरी क्रमांक काही घालू नका. कोणते सदस्यनाव कुणाचे, ही यादी तुमच्या वहीत राहू द्या.

खाती उघडण्याचा दिवस

बहुतेक वर्गप्रकल्पांचा पहिला तास इथेच वाया जातो. एका इंटरनेट जोडणीवरून एका दिवसात सहाच नवी खाती उघडता येतात. सातव्या विद्यार्थ्याला नकाराची सूचना येते, वर्गात गलका होतो, तास संपतो. या हिशेबाने ४५ खात्यांना आठ दिवस लागतील. सोपा उपाय: मुलांना आदल्या आठवड्यात घरून, आपापल्या मोबाइल डेटावरून खाते उघडून यायला सांगा. महाविद्यालयाच्या वायफायवरूनच करायचे असेल तर ही मर्यादा त्या दिवसापुरती उठवण्याची विनंती विकिमीडियाच्या तांत्रिक चमूकडे काही दिवस आधी करावी लागते. मराठी विकिपीडियावरच्या प्रचालकाला (व्यवस्थापनाचे जादा अधिकार असलेल्या सदस्याला) प्रशिक्षणाला बोलावले तर तो स्वतःच्या खात्यातून मुलांची खाती उघडून देऊ शकतो. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर ते बंद करायला सांगा. अशा जोडण्या बहुधा आधीच प्रतिबंधित असतात आणि मुलांना वाटते आपल्यालाच बंदी घातली.

एक माणूस, एक खाते. 'एसवायबीए गट ३' अशी सामाईक खाती चालत नाहीत. खरे नाव लागत नाही आणि माझ्या मते ते घेऊही नये, मुलींनी तर नाहीच. संपादनांचा इतिहास कायम राहतो. वीस वर्षांनीही कुणी नाव शोधले तर एकोणिसाव्या वर्षी लिहिलेले वाक्य सापडेल. ई-मेल पत्ता मात्र नोंदवायला लावा. तो नसेल आणि परवलीचा शब्द विसरला तर खाते गेलेच.

'बदल प्रकाशित करा' हे बटण दाबताना आपण काय देऊन टाकतो, हे त्याच दिवशी सांगा. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक ४.० परवान्याखाली जातो. श्रेय देऊन आणि तोच परवाना कायम ठेवून कुणीही तो बदलू शकतो, विकूसुद्धा शकतो, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. हे ज्याला मान्य नसेल त्याला तोच परिच्छेद, तेच संदर्भ कागदावर लिहून तेवढेच गुण मिळण्याची सोय ठेवा. सार्वजनिक ठिकाणी लिहिण्याची सक्ती गुणांच्या धाकाने करू नये.

पहिले दोन आठवडे फक्त हात बसवायचा. शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करणे, एखाद्या शब्दाला दुवा देणे, 'संदर्भ हवा' असे लिहिलेल्या जागी संदर्भ शोधून घालणे, अशी दहा छोटी संपादने. मराठीच्या मुलांना शुद्धलेखनाचा फार उत्साह असतो, म्हणून एक ताकीद: जुन्या ग्रंथातले अवतरण, कवितेच्या ओळी, पुस्तकाचे नाव यांतले अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ 'सुधारायचे' नाहीत. मूळ लेखकाने जसे लिहिले तसेच राहू द्यायचे. टंकनासाठी विकिपीडियातच सोय आहे, कंट्रोल आणि एम ही कळजोडी दाबली की लिपी बदलते. फोनवर कळफलक मराठीच निवडलेला आहे ना, हे पाहा. हिंदी कळफलकाच्या सूचना स्वीकारत गेले की मजकुरात 'और', 'लेकिन'च्या जातीचे शब्द घुसतात आणि 'ळ'च्या जागी 'ल' पडतो.

विषय ग्रंथालयात बसून निवडा

विषय आधी आणि संदर्भ मागून, हा क्रम उलटा करा. मुलांना ग्रंथालयात न्या, कपाटात जे पुस्तक आहे त्यातून विषय काढा, मग तो लेख मराठी विकिपीडियावर कितपत भरलेला आहे ते पाहा. झाडे, धान्ये, नद्या, घाट, शेतीची अवजारे, बंद पडलेली नियतकालिके, जुने लेखक, हस्तव्यवसाय यांत चांगले काम होते. स्वतःचे महाविद्यालय, आपले सर, आपले काका जे नगरसेवक आहेत, हे विषय वर्ज्य. हितसंबंध आला की लेखन गेले. हयात व्यक्ती टाळा, कारण तिथे संदर्भाशिवायचे वाक्य लगेच काढले जाते आणि बदनामीचा धोका असतो. रोगांवरचे उपाय टाळा. जातीय किंवा राजकीय वादाचा इतिहास अनुभवी संपादकांनाही झेपत नाही, तो नवख्यांच्या हाती देऊ नका.

आपल्या गावावर लिहायचे, असा मुलांचा हट्ट असतो आणि तो मोडायचे कारण नाही. मराठी विकिपीडियावर हजारो गावांची पाने आहेत, त्यांतल्या पुष्कळ पानांवर 'भौगोलिक स्थान', 'हवामान', 'लोकजीवन', 'प्रेक्षणीय स्थळे' अशी शीर्षके आहेत आणि त्यांखाली काही नाही. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतून लोकसंख्या, कुटुंबसंख्या, क्षेत्रफळ घेऊन 'लोकजीवन' भरता येते. फक्त गावाचा सहा अंकी जनगणना संकेतांक जुळवून घ्या. 'पिंपळगाव' एका तालुक्यात दोन-तीन असतात, आणि एकाची लोकसंख्या दुसऱ्याच्या पानावर गेली की ती चूक वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. सरपंचांचे नाव, मुख्याध्यापकांचा मोबाइल क्रमांक, 'गावातील प्रतिष्ठित नागरिक' हे घालायचे नाही. ग्रामदैवताची आख्यायिका चालेल, पण ती कुठे नोंदवलेली आहे ते सांगून, आणि आख्यायिका म्हणूनच.

एखाद्याचा विषय खरोखरच नवीन पान मागत असेल तर आधी ते पान वेगळ्या लेखनाने अस्तित्वात आहे का ते शोधा. 'कऱ्हाड' आणि 'कराड' असा फरक तरी दिसतो. पण 'ऱ्हा' हे अक्षर संगणकावर दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी टंकता येते, डोळ्यांना सारखेच दिसते आणि शोधात एक सापडते, दुसरे सापडत नाही. मग एकाच विषयाची दोन पाने होतात. इंग्रजी लेख उघडून त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का हे पाहणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग.

संदर्भांचे काम

गुणांचा मोठा वाटा इथे ठेवा, कारण खरे शिक्षण इथेच होते. प्रत्येक विद्यार्थ्याने लिहिण्याआधी एक तक्ता भरायचा: डावीकडे एक दावा, उजवीकडे पुस्तक, आवृत्ती, साल, पान क्रमांक. पुस्तकाच्या मुखपृष्ठामागच्या माहितीपानाचा आणि वापरलेल्या पानाचा फोनवर फोटो काढून तुम्हाला द्यायचा. विकिपीडियावर तो चढवायचा नाही. पान क्रमांक नसलेला ग्रंथसंदर्भ म्हणजे 'कुठेतरी वाचले आहे' एवढेच.

काय चालते? जिल्हा गॅझेटियर, मराठी विश्वकोशातली नोंद, विद्यापीठीय प्रकाशने, संपादित चरित्रकोश, शोधगंगेवरचे प्रबंध जपून, दैनिकांतल्या बातम्या घटनेपुरत्या. पुरवणीतला गौरवलेख इतिहासासाठी चालत नाही. विकिपीडियावरूनच मजकूर उचललेली संकेतस्थळे ही सर्वांत फसवी असतात. विद्यार्थी त्यांचा संदर्भ देतो आणि विकिपीडिया स्वतःचाच दाखला घेऊन बसतो. पडताळा सोपा आहे. लेखाच्या 'इतिहास' पानावर ते वाक्य कधी आले ती तारीख पाहायची. संकेतस्थळावरचा मजकूर त्यानंतरचा असेल आणि शब्दही तेच असतील तर संदर्भ बाद.

आता एक उदाहरण जवळून पाहा. लोणार सरोवराच्या लेखासाठी विद्यार्थ्याचा पहिला खर्डा साधारण असा येतो:

'लोणार हे निसर्गाचे एक अद्भुत वरदान असून आपल्या देशातील हे जगप्रसिद्ध सरोवर ५२ हजार वर्षांपूर्वी उल्का पडून तयार झाले. सध्या येथील पाणी गुलाबी झाले आहे. प्रत्येकाने एकदा तरी भेट द्यावी असे हे ठिकाण आहे.'

पहिल्या वाक्यातले 'अद्भुत वरदान' हे मत आहे, आणि 'आपल्या देशातील' म्हणजे कुणाच्या? वाचणारा मॉरिशसचाही असेल. शेवटचे वाक्य निबंधाचे आहे, ज्ञानकोशाचे नाही. 'सध्या' हा शब्द लिहिल्या दिवसापासून शिळा होऊ लागतो. पाणी गुलाबी झाले ते जून २०२० मध्ये. पण खरी गंमत ५२ हजारांत आहे. तो आकडा तापदीप्ती या वय मोजण्याच्या पद्धतीतला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन समस्थानिकांच्या मापनाने वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दिले, म्हणजे दहापटीहून जास्त. विद्यार्थ्याने एकच पुस्तक उघडले तर त्याला हा वाद दिसतच नाही. म्हणून तीन स्वतंत्र संदर्भांचा आग्रह. सुधारलेला परिच्छेद असा होईल:

'लोणार सरोवर हे महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यात बेसाल्ट खडकावर अशनी आदळून तयार झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याच्या वयाबद्दल एकमत नाही: तापदीप्ती पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-आर्गॉन मापनानुसार सुमारे ५.७ लाख वर्षे येते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला.'

पाच वाक्ये, प्रत्येकाच्या शेवटी संदर्भ, वयाच्या वाक्यात दोन. स्तुतीचे विशेषण एकही नाही. हा नमुना फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या, एक पूर्ण तास द्या. व्यक्तींवरच्या लेखांत 'थोर', 'अजरामर', 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' ही मंडळी अशीच कापायची. आदरार्थी अनेकवचन ठेवायचे, पण 'पूज्य', 'श्री', 'प्रा.' या उपाध्या शीर्षकात नकोत.

उचलेगिरी ओळखणे

धूळपाटीत, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहिले तर चालते, तिथे कोण बघते, हा गैरसमज आधी काढा. धूळपाटीही जाहीर पान आहे. तिथे प्रताधिकारित उतारा 'नंतर बदलू' म्हणून चिकटवला तरी उल्लंघन होतेच, आणि पुढे तो खोडला तरी पानाच्या इतिहासात राहतो. तो कायमचा दडवायला प्रचालकाला मेहनत घ्यावी लागते. नियम साधा ठेवा: दुसऱ्याचे वाक्य विकिपीडियाच्या कोणत्याही पानावर चिकटवायचेच नाही. टिपणे वहीत काढायची, पुस्तक मिटायचे, मग लिहायचे.

महाविद्यालयात जी चौर्यशोधक प्रणाली असेल तिच्यावर मराठीसाठी विसंबू नका. कित्येक मराठी पुस्तकांच्या पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतात. यंत्राला त्यात मराठी दिसतच नाही आणि अहवाल शून्य टक्के येतो. त्यापेक्षा वाक्याच्या मधले पाच-सहा शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधयंत्रात टाका. जोडाक्षरे नसलेला तुकडा निवडा, नाहीतर टंकनातल्या फरकामुळे जुळत नाही. आणि डोळ्यांवर विश्वास ठेवा. 'वर पाहिल्याप्रमाणे' असे म्हणणारा परिच्छेद, ज्याच्या वर काहीच नाही. मध्येच आलेला चौकटी कंसातला आकडा. 'हेही वाचा'ची उरलेली ओळ. चाचणी परीक्षेत 'आणी' लिहिणाऱ्याच्या हातून अचानक निघालेले रेखीव गद्य. अशा वेळी विद्यार्थ्याला बोलावून तक्त्यातला फोटो मागितला की दोन मिनिटांत उलगडा होतो.

प्रताधिकार संपलेले साहित्य वेगळे. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे संरक्षण असते. ज्ञानकोशकार केतकर १९३७ मध्ये वारले, तेव्हा ही मुदत ५० वर्षांची होती, म्हणून त्यांचे लेखन १९८८ पासून मुक्त झाले. तरी ते जसेच्या तसे ओतू नका; शंभर वर्षांपूर्वीची माहिती आणि मते आज तशीच मांडता येत नाहीत. असे पूर्ण ग्रंथ विकिस्रोत या मुक्त ग्रंथांच्या भावंड प्रकल्पावर शोभतात.

यंत्राने लिहून दिलेला मजकूर ही आजची मोठी अडचण. इंग्रजी विकिपीडियाने ऑगस्ट २०२५ मध्ये, माणसाने न तपासलेली अशी पाने झटपट काढता यावीत म्हणून वेगळा निकषच केला. भाषेवरून ओळखण्याच्या फंदात पडू नका, संदर्भांवरून ओळखा. यंत्र नसलेली पुस्तके आणि नसलेले पान क्रमांक सहज रचते. तेरा अंकी आयएसबीएन असेल तर हात घाला: अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा; तिला १० ने पूर्ण भाग गेला नाही तर क्रमांक चुकीचा आहे. भाग गेला म्हणून पुस्तक खरेच आहे असे मात्र नव्हे. दुव्याच्या शेपटीत चॅटजीपीटीचे नाव राहिलेले असते, तेही पाहा. वर सांगितलेला फोटोंचा नियम पाळला गेला तर हा प्रश्न बराचसा जन्मालाच येत नाही.

भाषांतराचे साधन विकिपीडियातच आहे आणि मुलांना ते फार आवडते, कारण बटण दाबले की इंग्रजी लेखाचे मराठी तयार. ते मराठी कसे असते? 'तो एक भारतीय लेखक आहे जो त्याच्या कादंबऱ्यांसाठी ओळखला जातो.' नदीकाठाची कधीकधी बँक होते. शिवाय इंग्रजी लेखातले संदर्भ मुलाने एकदाही न उघडता मराठीत येतात. भाषांतर द्यायचेच असेल तर दोनशे शब्दांचे द्या, प्रत्येक संदर्भ उघडून पाहिल्याची नोंद मागा, आणि संपादनाच्या सारांशात 'इंग्रजी विकिपीडियावरील अमुक लेखावरून अनुवाद, मूळ लेखकांसाठी त्या पानाचा इतिहास पाहावा' असे मूळ दुव्यासह लिहायला लावा. ते नसेल तर मुक्त परवान्याचीही अट मोडते.

छायाचित्रे स्वतः काढलेली असतील तरच. व्हॉट्सॲपवर आलेले, गूगलवर मिळालेले, वर्तमानपत्रातून टिपलेले छायाचित्र विकिमीडिया कॉमन्स या चित्रभांडारातून काढले जाते. सार्वजनिक जागी कायमचे उभे असलेले पुतळे आणि इमारती यांचा फोटो भारतीय कायद्याने चालतो. भिंतीवरचे रंगवलेले चित्र किंवा फलक मात्र त्या सवलतीत बसत नाही.

प्रकाशित करताना आणि नंतर

मजकूर एका आठवड्यात थोडा-थोडा लेखात जावा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळे एकदम आले तर तपासणारे माणूस एकच, आणि एकाच लेखावर चौघे असतील तर संपादन संघर्षाची सूचना येऊन कुणाचे तरी लिहिलेले जाते. एका लेखावर दोघांपेक्षा जास्त नकोत, दोघांचे विभाग वेगळे. काम दोन-तीन दिवस चालणार असेल तर लेखाच्या वर 'कामचालू' हा साचा (तयार पाटी) लावावा.

नवख्याने बाहेरचा दुवा असलेला संदर्भ घातला की जतन करताना कॅप्चा येतो, म्हणजे आपण यंत्र नाही हे दाखवण्याची छोटी चाचणी. फोनवर तो खाली दडतो. मुले बटण दाबून मोकळी होतात, पान बंद करतात आणि बदल जतनच झालेला नसतो. त्यामुळे प्रत्येकाने नंतर आपले 'योगदान' पान उघडून नोंद दिसते का ते पाहायचे. तुमच्याकडे मात्र पानाचा दुवा न देता 'फरक' दाखवणारा दुवा द्यायचा. कारण तुम्ही तपासाल त्या दिवशी लेख बदललेला असू शकतो. फरकाच्या दुव्यात त्या विद्यार्थ्याने नेमके काय घातले ते कायम राहते.

कुणाचा तरी परिच्छेद उलटवला जाणारच. मुलाची पहिली प्रतिक्रिया तो पुन्हा घालण्याची असते, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त उलटवणी झाली की बंदी येते. मराठीवरही असा हट्ट कुणी खपवून घेत नाही. एकदा उलटवले की थेट चर्चा पानावर जायचे, संदर्भ मांडायचा, आठवडाभर उत्तराची वाट पाहायची. ही वाट पाहायला सत्रात वेळ उरावा म्हणून १५ आठवड्यांच्या सत्रात मजकूर नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत लेखात गेलेला हवा. नवख्या खात्याला पहिले चार दिवस पान दुसऱ्या शीर्षकावर हलवता येत नाही, हेही वेळापत्रकात धरा.

२० गुणांची विभागणी अशी सुचवता येईल: संदर्भांच्या तक्त्याला ७, परिच्छेदाला ६, दुसऱ्या विद्यार्थ्याच्या मजकुरावर चर्चा पानावर केलेल्या परीक्षणाला ३, सुरुवातीच्या दहा छोट्या संपादनांना २, आणि 'काय वगळले व का' या एका पानाच्या टिपणाला २. बाइट, शब्दसंख्या, संपादनांची संख्या यांना शून्य. बाइट मोजले की लोणारच्या पानावर 'अद्भुत वरदान' परत येते. मजकूर टिकला की नाही, यालाही गुण नकोत. टिकवण्यासाठी मुले भांडत बसतील, आणि चांगला परिच्छेदही कधीकधी दुसऱ्याच्या मतभेदाने जातो. उचललेला मजकूर सापडला तर त्या मुलानेच तो काढून टाकायचा, सारांशात तसे लिहायचे, प्रचालकाला कळवायचे, आणि परिच्छेदाचे ६ गुण गेले. तक्त्याचे ७ खरे असतील तर ते राहू द्या.

सत्र संपल्यावर त्या सगळ्या लेखांची नावे तुमच्या निरीक्षणसूचीत (नजर ठेवायच्या पानांच्या यादीत) घाला आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहा. मुले परीक्षेला लागलेली असतात. पुढे कुणी संदर्भाबद्दल प्रश्न विचारला तर ज्यावरून लिहिले ते पान फोटोच्या रूपात तुमच्याकडेच असते.